पुडीतलं औषध आणि माझा मणका

एका पुडीवाल्याने मला फसवलं. पाठीचा मणका मोडेपर्यंत फसवलं.

रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "मावशी, हे कम्प्रेशन फ्रॅक्चर. मणका दबून चपटा झालाय. कुठे पडलात?"

मी पडले नव्हते. सुक्या बोंबलांची टोपली उचलली होती. सुक्या बोंबलांना वजन ते काय! हर्णेच्या लिलावात ओली मासळी घ्यायची, सुकवायची आणि विकायची, हा धंदा मी एकटीने उभा केला. असल्या टोपल्या डोक्यावर घेऊन धावले आहे. त्या दिवशी पाठीत कट्‌कन आवाज आला आणि मी वाळूतच बसले. सुनेचं माहेर रत्नागिरीत, म्हणून गाडीत आडवी घालून तिथे आणलं.

"रोज कसलं औषध घेता?" मॅडमनी विचारलं.

सून स्वाती बोलून मोकळी झाली. "पुड्या खातात. कुणाचं ऐकतील तर शपथ!"

पुड्यांआधीची गोष्ट सांगते. माझ्या बोटांचे सांधे सुजायचे, सकाळी मूठ वळायची नाही, कोयता धरवायचा नाही. तपासणीत निघाला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराचं स्वतःचंच रक्षण करणारं बळ सांध्यांवर उलटतं तो संधिवात. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी मिळाली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. गुण यायला काही आठवडे लागतील, असं सांगितलं होतं. मला मळमळलं, धीर सुटला, मी ती सोडली.

तेव्हाच बाजारात हा पुडीवाला भेटला. मी त्याच्याशी घासाघीस केली, ओरडले, पाठ फिरवून चालू लागले. तो हसला, पण एक पैसा उतरला नाही. आमच्या धंद्यात असा माणूस पाहिला की समजायचं, माल चोख आहे. शिळी मासळी विकणारा लगेच उतरतो. मी पुड्या घेतल्या.

दोन दिवसांत मूठ वळली. महिन्याभरात चेहरा भरला. बायका म्हणायच्या, "काकी, गुटगुटीत झालात हो!" मलाही ते बरं वाटायचं. हातावर जरा काही लागलं की काळेनिळे डाग उठायचे, ते मात्र मी पदराखाली झाकायचे आणि पुड्या खात राहायचे. अशी काही वर्षं गेली.

मॅडमनी आधी तेच डाग पाहिले, मग माझा गोल चेहरा. उरलेली पुडी तपासायला पाठवली. तिच्यात स्टिरॉइड निघालं. हे औषध सूज झटक्यात उतरवतं, पण किती घेतोय ते न कळता वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं आतून पोकळ करतं. त्यात हा संधिवात स्वतःही हाडं झिजवतो. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली. ऑस्टिओपोरोसिस निघाला. हाडं ठिसूळ झाली होती.

"पुन्हा लिलावाला उभी राहीन ना?" मी एवढंच विचारलं. बसून कोणी बोली लावत नाही.

"औषधं नीट घेतलीत तर बहुतेक राहाल."

मग त्यांनी जे लिहून दिलं ते ऐकून माझं डोकंच फिरलं. मोजलेल्या मात्रेत स्टिरॉइडचीच गोळी!

"ज्याने मणका मोडला तेच पुन्हा? तुमची आणि त्या चोराची भागी आहे काय?"

स्वातीने कपाळाला हात लावला. मॅडम मात्र शांत. "एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलंय. हळूहळू कमी करू."

"मग अर्धीच द्या."

"इथे भाव होत नाही, मावशी."

मी चमकले. हीही उतरत नव्हती. पण हिने गोळीचं नाव सांगितलं, ती का द्यायची ते सांगितलं, अपाय काय तेही सांगितलं. त्याने पुडीतल्या एका चिमटीचं तरी नाव सांगितलं होतं काय? आणि मी तरी विचारलं होतं काय?

कमरेला पट्टा बांधून मी घरी आले. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झालं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही. हाडांसाठी आठवड्याची एक गोळी, उपाशीपोटी भरपूर पाण्यासोबत, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. स्वाती समोर स्टूल टाकून पहारा द्यायची. "सासूबाई, टेकायचं नाही हां!" मी शिव्या घालायचे, ती हसायची. त्या हसण्यानेच मला उभं केलं, हे इथे लिहिते. तोंडावर सांगणार नाही.

स्टिरॉइड कमी होत होत सुटलं. गाल उतरले, डाग गेले, बोटं वळतात. परवा हर्णेच्या वाळूवर उभी राहिले. बोली लावली, आणि बांगड्याची टोपली माझ्या नावावर पडली. ती स्वातीने उचलली. मला वजन उचलायला बंदी आहे, ओरडायला नाही.

सांधे दुखणाऱ्या बायांनो, दोन दिवसांत गुण देणाऱ्याला आधी विचारा, यात काय आहे? नाव सांगत नसेल तर घेऊ नका. घेत असाल तर मनाने बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

आणि पुडीवाल्या, तुझी तक्रार मी केली आहे. तू बाजार बदललास, पण तुझ्या पुड्या खाणाऱ्या बाया अजून आहेत. संध्याकाळी लिलावाला ये. मी तिथे उभी असते. सगळ्यांसमोर सांग, काय खाऊ घातलंस मला? या वेळी मी उतरणार नाही.