कार्बाइनची कडी

पाण्यातला जीव मरू नये म्हणून आम्ही जैन लोक पाणी गाळून पितो, आणि मी घरात बंदुका जमवतो. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ह्यांना एक झुरळ मारायला सांगा, मग बघा शौर्य." खरं आहे तिचं. आयुष्यात मी एक गोळी झाडलेली नाही. माझ्याकडच्या सगळ्या बंदुका दीडशे वर्षांपूर्वीच्या, ठासणीच्या, नळीत शिसं ओतून कायमच्या बंद केलेल्या. त्यातही मला वेड फक्त कार्बाइनचं, म्हणजे घोडेस्वाराच्या आखूड बंदुकीचं. तिच्या डाव्या अंगाला लोखंडी दांडी आणि दांडीत एक कडी असते. स्वार ती कडी खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवायचा, म्हणजे घोडा उधळला तरी बंदूक खाली पडायची नाही.

माझ्याकडच्या पाच कार्बाइनांत एक अगदी देखणी होती. दस्त्याला चीर नाही, चाप शाबूत. फक्त कडी नव्हती. पुण्याहून आलेल्या एका जाणकाराने ती हातात घेऊन म्हटलं, "कडीवाचून बोडकी दिसते हो." ते वाक्य मला वर्षभर टोचत राहिलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण लाज असावी. ती मला तेव्हा नव्हती.

गडमुडशिंगीत एका घरी तशीच कार्बाइन असल्याचं कळलं, म्हणून मी गेलो. घरात एक आक्का, तिचा मुलगा आणि पोटुशी सून. आक्काच्या सासऱ्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यांची ही बंदूक. खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांच्या शेजारी मांडायची, कुंकू लावायचं, एरवी भिंतीवर. विकणार का, हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती. मग मी म्हटलं, गंज चढलाय, आठ दिवसांत साफ करून आणून देतो, फुकट.

"आणून द्या मातर, पावणं," आक्का म्हणाली आणि बंदूक टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली.

मी ती खरोखर साफ केली. आणि तिची कडी काढून माझ्या देखण्या कार्बाइनला बसवली. आक्काच्या बंदुकीसाठी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून हुबेहूब दुसरी करून घेतली, चार दिवस मिठाच्या पाण्यात ठेवून गंजवली, वरून तेलाचा हात फिरवला. माझ्या मनात एकच होतं, यांना काय फरक पडतो, भिंतीवर तर टांगायची. आठव्या दिवशी बंदूक परत नेऊन दिली, चहा प्यायलो आणि शीळ घालत घरी आलो. हे लिहायलाही आता शरम वाटते.

तीन महिन्यांनी बारशाचं बोलावणं आलं. सुनेला सातव्या महिन्यातच मुलगा झाला होता. दीड महिना पोर दवाखान्यात काचेच्या पेटीत, म्हणून बारसं लांबलं होतं. मी अंगडं-टोपडं घेऊन गेलो. पाळण्याशेजारी पाटावर ती बंदूक मांडलेली.

"ही कशाला इथं?" मी विचारलं.

आक्काचा मुलगा म्हणाला, "आमच्यात पोराचा पयला करदोडा आधी ह्या कडीतनं ओवून काढत्यात, मग कमरंला बांधत्यात. घोड्यावरनं बंदूक पडू ने म्हणून कडी हाय न्हवं? तसं पोर हातातनं निसटू ने."

चार पिढ्यांचे काळे दोरे जिच्यातून गेले, ती कडी माझ्या घरी काचेच्या कपाटात होती. एवढ्यात आक्काने सगळ्यांदेखत करदोडा माझ्या हातात ठेवला. "तुम्हीच ओवा. तुम्ही केलीया साफ." बायका थांबल्या. पाळण्यातलं पोर मांजराच्या पिल्लाएवढं. मी लेथवरच्या त्या कडीतून दोरा ओवला.

त्यानंतर कपाट उघडणं मी सोडून दिलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पोराला सर्दी झाली असेल का, वजन भरत असेल का, हेच डोक्यात. पर्युषण संपलं की आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. त्या वर्षी मी मोबाइलवरून सगळ्या ओळखीपाळखीच्यांना एकच मेसेज पाठवला, जाणता-अजाणता चूक झाली असल्यास उत्तम क्षमा. त्यात आक्काच्या मुलाचाही नंबर होता. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एवढ्यावर स्वतःला मोकळं समजायचा कोडगेपणाही मी दोन दिवस केला.

मग पावसात त्याचाच फोन आला, बाळाला न्यूमोनिया झालाय, ओळखीचा डॉक्टर आहे का. मी डॉक्टर गाठून दिला. सहा दिवस पोर दवाखान्यात होतं. पोर बरं होऊन घरी आलं, त्याच दिवशी मी खरी कडी सोडवून खिशात घातली आणि गडमुडशिंगी गाठली.

आक्का एकटीच होती, नातू मांडीवर. मी कडी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही.

तिने कडीला हात लावला नाही. "मला ठावं हाय," ती म्हणाली. "बंदूक आणून दिलासा तवाच कळलंतं. आमच्या कडीला आतनं पट्ट्याच्या आकड्यानं घासून घळ पडलीया."

"मग बोलला का नाहीत?"

"बारशाला बोलावलं, दोरा तुमच्या हातात दिला. म्हटलं आता तरी पावणं बोलतील. तुम्ही ओवून मोकळं झालासा."

मी म्हटलं, "चुकलो, आक्का. आता ही घ्या, मी स्वतः बसवून देतो."

"न्हाय." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. पोर दचकलं, तिने त्याला थोपटलं. "ही परत घेटली तर माझ्या नातवाचा दोरा खोट्या कडीतनं गेला असं हुईल की. त्ये मी हू द्यायची न्हाय. भिंतीवरचीच कडी खरी. ही तुमची तुम्ही घिऊन जावा."