जागेश्वरचा चिन्नोर भात

आसगावात बायकोला रांधून घालणारा नवरा एकच, माझा शेजारी जागेश्वर, आणि तोही नाइलाजाने. तोवर तो चुलीजवळ जायचा तो फक्त बिडी पेटवायला. पण सुलोचनाबाईला कॅन्सर निघाला आणि हा बहाद्दर भात शिकला. घरच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, वासाचा चिन्नोर. तिचा तो जीव की प्राण. दुसरं काही त्याला आलं नाही.

नागपूरला पहिल्याच केमोला तृप्ती सिस्टरने बजावलं होतं, "केमोच्या आधी आवडीचं काही खाऊ घालू नका." जागेश्वर बाहेर येऊन मला म्हणाला, "आवडीचं नाही, त मंग का नावडीचं चारू? बिमार बाईले?" शिकलेल्यांना माया कळत नाही, असं त्याचं ठाम मत झालं. दर केमोच्या सकाळी तो तूप घालून चिन्नोर भरवायचा. परतताना ती ओकायची. गाडी माझी होती, हे जाता जाता सांगतो. पोट रिकामं असेल म्हणून पुढच्या खेपेला हा दोन घास जास्त भरवायचा.

बाई बरी झाली. आणि भाताचा वास आला की पदर तोंडाला लावून अंगणात पळू लागली. पुढे पुढे जागेश्वर चुलीशी नुसता उभा राहिला तरी तिला मळमळायचं. हे मात्र त्याला फार लागलं. तो आपला भात गोठ्यात शिजवून तिथेच खाऊ लागला, बैलांच्या सोबतीने.

तपासणीच्या वेळी सिस्टरने उलगडून सांगितलं. चव आली की मेंदूतल्या पेशी तिची खूण ठेवतात. मागाहून पोट ढवळलं की त्याच पेशींकडे एक रसायन निरोप घेऊन येतं. खूण आणि निरोप एकत्र आले की पेशीत नवी प्रथिनं बनतात आणि ते नातं पक्कं करतात. गुन्हा औषधाचा, नाव भाताचं. "समजावून उपयोग नाही. बरं वाटत असताना थोडं थोडं खायचं. जुनं पुसलं जात नाही, पण त्यावर नवं शिकता येतं."

"म्हंजे मीच चारलं इले जहर," जागेश्वर म्हणाला आणि तिथेच रडला. त्याच्यावर चिडायची माझी सोय गेली.

नवं धान घरात आलं. जागेश्वर गोठ्यात भात उतरवत होता, तेवढ्यात सुलोचनाबाई नाकाला पदर लावून आली. चार शितं उचलून तोंडात टाकली. चेहरा वाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण शितं खाली गेली.

"काहून जबरदस्ती करून राहिली वो?"

"माह्यं डोस्कं म्हणते, तुमी मले जहर चारलं," ती म्हणाली. "त्याले खोटं पाडाचं हाय. उद्या पुन्हा रांधा. घरात."