ढेपेची चौकशी

आमच्या घरात साखरेवर बंदी आली ती रीतसर, लेखी आदेशाने. आदेश मीच काढला आणि मीच फ्रिजवर चिकटवला. वीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायली हलवल्यावर माणसाला साधं 'उद्यापासून साखर नको' असं म्हणता येत नाही. 'विषय : कुटुंबाचे नैसर्गिक व आरोग्यदायी खानपान. उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की...' असा तो सुरू होत होता. खाली माझी सही आणि त्याखाली 'प्रत माहितीसाठी : आई, वंदना, रेवा'.

वंदना माझी बायको, नॉयडाच्या ऑफिसात नोकरीला. सकाळी साडेसातला गाझियाबादचं घर सोडते ती संध्याकाळी सातला परत येते. रेवा आमची मुलगी, नववीतली. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी कामापुरती. आणि आई त्या वर्षी कराडहून चार महिन्यांसाठी आली होती, तेही ऐन थंडीत. (कराड सोडून दिल्लीच्या थंडीत कुणी येतं का, हे तिला विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.)

या सगळ्याचं मूळ ऑक्टोबरात होतं. माझ्या रक्तातली साखर काठावर आली होती. आमच्या सोसायटीजवळच्या डॉक्टर भाटिया मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मोहिते जी, तीन महीने देती हूँ. मीठा बंद, चलना शुरू. जनवरी में रिपोर्ट ठीक नहीं आई, तो गोली शुरू."

खरं सांगतो, मी घाबरलो. माझ्या वडिलांची सात कप्प्यांची गोळ्यांची डबी होती. शेवटची दहा वर्षं आमच्या घरात दिवसाचं पहिलं वाक्य 'सकाळची घेतली का?' हेच असायचं. रेवाने ती डबी पाहिली होती, आजोबांना जातानाही पाहिलं होतं. मी घरी येऊन बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तू पण आजोबांसारखा..."

"एकही गोळी लागणार नाही," मी म्हणालो. "शब्द देतो. जानेवारीत बघ."

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. साखरेचा डबा रिकामा झाला, बिस्किटं गेली, मैदा गेला, बाजारचा ज्यूस गेला. भाकरी आली. रात्री जेवल्यावर सगळ्यांनी मिळून चालायचं ठरलं. पुढे तुलना करता यावी म्हणून मी बाकी तिघींचंही रक्त तपासून घेतलं. वंदना सगळं ऐकत होती. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला.

"अहो, आणि चहात काय घालायचं?"

"गूळ," मी म्हणालो. "गूळ नैसर्गिक असतो."

योगायोग असा की त्याच आठवड्यात माझा मावसभाऊ कोल्हापूरहून कामासाठी आला होता आणि कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्राच्या पाहुणेघरात उतरला होता. त्याने माझ्यासाठी पाच किलोची ढेप आणली होती. ती पिशवीत घालून मी मेट्रोत शिरलो, तर पिशवी तपासणीच्या यंत्रातून बाहेरच येईना. पडद्यावर काळा ठोकळा बघून जवानाने मला बाजूला घेतलं.

"ये क्या है?"

"गुड़."

"इतना?"

"महाराष्ट्र से आया है."

त्याने ढेपेवर टिचकी मारून पाहिली. "यूपी में गुड़ नहीं मिलता क्या, भाईसाब?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मागे रांग होती.

घरी ढेप बघून रेवा म्हणाली, "बाबा, गूळ पण शुगरच असते ना? आमच्या सायन्सच्या मॅमनी सांगितलंय."

"मॅम कुठल्या?"

"मेरठच्या."

"मग त्यांनी तिकडचाच गूळ बघितला असणार," मी म्हणालो आणि विषय मिटवला.

आता अडचण अशी झाली की गुळाचा चहा फाटला. पहिल्या दिवशी फाटला, दुसऱ्या दिवशी फाटला, तिसऱ्या दिवशी मी स्वतः केला आणि तो सगळ्यात जास्त फाटला. आईने कप खाली ठेवला. "विलास, असला चहा मी तुझ्या बापाच्या तेराव्यालासुद्धा प्यायले नव्हते." त्या दिवसापासून ती निषेध म्हणून बिनसाखरेचा चहा पिऊ लागली. सासूबाई पितात म्हटल्यावर वंदनाही तसाच पिऊ लागली. रेवाला मुळात गुळाचा वासच आवडत नव्हता. म्हणजे आदेश काढणारा एकटा मीच आदेश मनापासून पाळत होतो. पुढाऱ्याच्या नशिबी हा एकटेपणा असतोच.

मी गुळाला कधी गोड म्हणून हात लावला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. जेवणानंतर खडा घ्यायचो तो पचनासाठी. भाकरीवर तूप-गूळ घ्यायचो तो ताकदीसाठी. शेंगदाण्यांबरोबर घ्यायचो तो लोहासाठी. आणि नोव्हेंबरात धूर आला. ऑफिसात सगळेच सांगत होते, "गुड़ खाओ यार, फेफड़े साफ रहते हैं." मी रोज सकाळी मोबाइलवर हवा बघायचो. हवा जितकी वाईट, तितका खडा मोठा. ज्यांनी दिल्लीचा नोव्हेंबर पाहिलाय त्यांना खड्याचा अंदाज येईल.

डिसेंबरच्या एका रविवारी ढेपेच्या डब्याचं झाकण उघडलं आणि मी थबकलो. ढेप अर्ध्याहून कमी झाली होती!

माझ्या घरात चोरून गोड खाल्लं जात होतं. मला रागापेक्षा वाईट वाटलं. मी इकडे सगळ्यांच्या तब्येतीसाठी जिवाचं रान करतोय आणि हे असं. लगेच मी चौकशी बसवली. चौकशी अधिकारी मीच. तिघींना कारणे दाखवा नोटिसा दिल्या आणि संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा मागवला.

आईने लिहिलं, 'मला दात नाहीत.'

वंदनाने नोटिशीच्या मागे भाजीची यादी लिहिली आणि म्हणाली, "मंडईत जाताय ना? पालक आणा. आणि खुलासा हवाच असेल तर आरशासमोर उभे राहून मागा." मी हा शेरा अप्रस्तुत म्हणून कामकाजातून वगळला.

रेवाने लिहिलं, 'बाबा सिरीयसली यार. मी गुळ खात नाय.' (शुद्धलेखनाबद्दल वेगळी ताकीद देण्यात आली.)

तिघीही निर्दोष सुटल्यावर एकच संशयित उरला, तो म्हणजे माकड. आमच्या सोसायटीत माकडं येतात. समोरच्या शर्माजींच्या बाल्कनीतून त्यांनी पापडाच्या वाळवणाचा अख्खा ट्रे नेला होता. माकडाला डब्याचं झाकण उघडता येतं का आणि ते परत लावतं का, या मुद्द्यावर आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तरी मी स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसवून घेतली. जाळी बसवणाऱ्याला चहा दिला. तो फाटला होता, म्हणून सोबत गुळाचा खडा दिला, आणि पाहुण्याला एकटं खायला कसं लावायचं म्हणून एक मीही घेतला.

जाळी बसली तरी ढेप कमी होतच राहिली. माकड फार हुशार निघालं.

संक्रांतीच्या दिवशी सगळ्यांचे नवे रिपोर्ट यायचे होते. उरलेल्या गुळात तीळ घालून आईने लाडू केले. थंडीमुळे रेवाची शाळा बंदच होती, वंदनाने रजा घेतली होती. आपला विजय सगळ्यांनी डोळ्यांनी पाहावा म्हणून मी अख्खं घर घेऊन दवाखान्यात गेलो. जाताना लाडवांचा डबाही घेतला. डॉक्टरांच्या टेबलावर तो उघडून म्हणालो, "मॅडम, हमारे यहाँ कहते हैं, तिळगूळ घ्या, गोड बोला."

मॅडमनी लाडवाकडे पाहिलं, मग कागदांकडे पाहिलं.

"माताजी की शुगर पहले से बहुत अच्छी है. आपकी वाइफ की भी. बेटी एकदम फिट." मग त्यांनी शेवटचा कागद उचलला. "मोहिते जी, आपकी बढ़ गई."

मला वाटलं, कागद बदलले.

"मीठा बंद किया था?"

"बिल्कुल! शक्कर घर में ही नहीं है. बस, थोड़ा गुड़."

"थोड़ा मतलब?"

मी पचन, ताकद, लोह आणि धूर असं क्रमाने समजावून सांगू लागलो. वंदनाने मला मध्येच थांबवलं आणि शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, पाँच किलो की ढेप थी."

"ढेप?"

"वो बड़ा वाला गुड़," रेवाने दोन्ही हात पसरून आकार दाखवला.

"और घर में कौन-कौन खाता है?"

आईने हळूच तोंड उघडून डॉक्टरांना हिरड्या दाखवल्या. वंदना माझ्याकडे बघत होती. रेवाही बघत होती. चौकशी तिथेच पूर्ण झाली.

मॅडम हसल्या, पण पेन त्यांनी उचललं होतं आणि गोळी लिहायला कोरा कागद पुढे ओढला होता. तेवढ्यात रेवा उठली. तिचे डोळे भरले होते. "मॅम, प्लीज, अजून तीन महिने द्या. या वेळी मी बघते." डॉक्टरांना मराठी येत नाही, पण पोरीचा चेहरा वाचायला भाषा लागत नाही. मला इतकी लाज वाटली की मी टेबलावरचा डबा बंद केला. (त्याआधी एक लाडू खिशात घातला होता, तो रेवाने तिथल्या तिथे काढून घेतला.)

"ठीक है," मॅडम म्हणाल्या. "बेटी के कहने पर. आखिरी मौका."

त्या संध्याकाळी फ्रिजवर नवा आदेश लागला. 'विषय : बाबा. बाबाला गुळ बंद. मध पण बंद. खजुर विचारून. चालायला माझ्याबरोबर.' खाली सही रेवाची, आणि 'प्रत माहितीसाठी : माकड'.

एप्रिलमध्ये माझा रिपोर्ट काठाच्या अलीकडे आला. गोळी लागली नाही. आई कराडला परत गेली आहे आणि तिथे सगळ्यांना सांगते की विलासने माझी साखर उतरवली. वंदना बिनसाखरेचाच चहा पिते आणि तो फाटत नाही. जेवल्यावर रेवा मला सोसायटीला तीन फेऱ्या मारायला लावते, आणि फेऱ्या मारता मारता बऱ्याच गप्पा मारते. तिची मराठी सुधारली आहे, माझी साखरही. मेरठच्या मॅमना मी मनातल्या मनात माफीनामा सादर केला आहे.

ढेपेचा रिकामा डबा मात्र मी अजून धुऊ दिलेला नाही. अधूनमधून झाकण उघडून नुसता वास घेतो. वासाबद्दल आदेशात काही म्हटलेलं नाही, आणि वीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलोय : जे आदेशात नाही, त्याबद्दल वरिष्ठांना विचारायला जायचं नसतं.