नंबराचा कॅन

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. बाकीच्यांना जिल्हा झाल्याचं कौतुक, आमच्या घरात काय झालं, तर घरचा माणूस दिसेना झाला. आमचे हे नव्या कचेरीत बदलून आले आणि आले ते थेट टंचाईच्या टेबलाला बसले. त्यात दुष्काळ पडलेला. कुठल्या गावाला टँकर पाठवायचा, कुणाची विहीर घ्यायची, कुठल्या सरपंचानं अर्ज केलाय, सगळे कागद ह्यांच्या पुढ्यात. पोरं उठायच्या आधी जायचे, पोरं झोपल्यावर यायचे. रविवार नाही, सण नाही. धाकटा तीन वर्षांचा होता. एकदा दुपारी हे अचानक घरी आले तर तो पळत आत आला आणि मला म्हणाला, "आई, पावना आलाय."

ते ह्यांच्या मनाला फार लागलं. त्या रात्री जेवताना म्हणाले, येत्या रविवारी साहेबांना सांगून रजा टाकतो, पोरांना वनबागेत नेऊ.

औशाच्या रस्त्याला वनखात्यानं एक बाग केली होती. निलगिरी, सुबाभूळ, मधे मधे कडुनिंब, आणि त्या झाडांत पाळणे, घसरगुंडी, फिरतं चक्र, एक तळं आणि तळ्यात होड्या. थोरली सहा वर्षांची, तिच्या शाळेतल्या पोरी जाऊन आलेल्या, त्यामुळं होडी, होडी म्हणून तिनं डोकं खाल्लेलं. मला खरं सांगायचं तर जावंसं वाटत नव्हतं. उन्हाळ्याचे दिवस, मी पाण्यानं बेजार झालेले. एक दिवस नुस्तं आडवं पडायला मिळालं असतं तर तीच माझी सहल होती. पण पोरांच्या तोंडाकडं बघितलं की नाही म्हणवत नाही हो.

आता पाण्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गल्लीत दिवसाआड टँकर यायचा. कधी यायचा ते कुणालाच माहीत नसायचं. सकाळी येईल, संध्याकाळी येईल. बायकांनी दिवसभर थोडंच उभं राहायचं? म्हणून गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखाली, भांड्यांची रांग असायची. एका घराचं एक भांडं, तोच त्या घराचा नंबर. टँकर आला की बाकीची भांडी घेऊन पळायचं. पुढच्यांना चांगलं पाणी मिळायचं, मागच्यांना तळाचा गाळ, आणि अगदी शेवटी असलात तर नुस्ता पाइपाचा फुसकारा. कायदा एकच होता. भांडं उचललं की नंबर गेला, मग नवं भांडं सगळ्यांच्या शेवटी. ह्यावरनं डोकी फुटायची बाकी राहिली होती. प्रत्येकीची खूण असायची. माझा एक पिवळा कॅन होता, तेलाचा, झाकणाचा. त्याच्या मुठीला मी जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली होती.

तर शनिवारी रात्रीच मी कॅन नेऊन ठेवला. तिसरा नंबर लागला! एवढा पुढं कधी लागला नव्हता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "तुमी जावा. मी ओट्यावर बसती. टँकर आला तर शेजारणीला हाक मारीन. कॅनावर माजा डोळा हाय." त्यांच्या भरवशावरच मी निघाले. त्या नसत्या तर सहल झालीच नसती.

सकाळी मी धपाटे थापत होते. हे दूध आणायला गेले, येऊन पोरांना अंघोळ म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं, केस विंचरले. वर म्हणाले, "पिण्याच्या पाण्याचं मी बघतो, तू नको काळजी करू." कधी नव्हे ते घरात माणूस हातभार लावतोय म्हटल्यावर मला असं बरं वाटलं म्हणून सांगू. थोड्या वेळानं बघते तर गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं काहीतरी दारात ठेवलेलं. वरनं पाणी शिंपडलेलं, म्हणजे आतलं गार राहावं. मी मनात म्हटलं, पाण्याचं काही भांडं आणलं असेल कचेरीतून. निघताना धाकटा माझ्या खांद्यावर झोपलेला, माझा पदर त्याच्या तोंडात, एका हातात धपाट्यांची पिशवी. लिंबाजवळनं गेलो, पण रांगेकडं मान वळवायचं सुचलंच नाही.

एसटीनं उतरलो तेव्हाच ऊन तापलेलं. झाडं होती, पण सावली म्हणावी अशी नाही. निलगिरीची कसली सावली, तिची तिच्याच अंगावर पडायची. पानगळ सगळी पायाखाली कुरकुरत होती. घसरगुंडी पत्र्याची. थोरली वर चढून बसली आणि बसल्या बसल्या किंचाळली. चटका! मग ह्यांनी आपला टॉवेल खाली घातला आणि पोरीला टॉवेलासकट ओढत आणलं. धाकटा म्हणाला मला पण. मग परत वर, परत खाली. ह्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला. चक्राला तेल नव्हतं, ते ढकलून ढकलून हे वाकले. मी एका लिंबाच्या बुडाशी टेकले ती टेकलेच.

दुपारी पोरं जेवायला आली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. धाकटा पाणी पाणी करायला लागला. मी गोणपाटावरची सुतळी सोडली. गोणपाट वाळून कडक झालेलं, खाली घसरलं. आणि पिवळा कॅन दिसला. मुठीला लाल चिंधी.

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

"अहो, हा कॅन कुठनं आणलात?"

"अगं, गल्लीच्या तोंडाला पडला होता आपला. दुधाला गेलो तेव्हा दिसला. कुणी उचलून नेला असता तर? बरं झालं मी बघितलं ते. चांगला घासला, रांजणातलं पाणी भरलं."

"पडला नव्हता हो," मी म्हटलं. "तो नंबराला होता."

हे माझ्याकडं बघायला लागले. सगळ्या तालुक्यांचे टँकर ज्यांच्या टेबलावरनं निघायचे, त्यांना आपल्या गल्लीतलं पाणी घरात कसं येतं तेच ठाऊक नव्हतं. मी सांगत गेले तसतसा हातातला धपाटा खाली गेला. "म्हणजे ती सगळी भांडी तिथं... मला वाटलं वाळत घातलीत."

मला रडावं का हसावं कळेना. नंबर गेला त्याचं वाईट वाटलंच. रांजणातलं होतं नव्हतं ते पाणी ह्या कॅनात आलेलं, घरी आत्याबाईंच्या पूजेपुरता तांब्या तेवढा. पण त्याहून वाईट आत्याबाईंचं वाटत होतं. त्या ओट्यावर बसलेल्या असणार. रांगेत कॅन नाही म्हटल्यावर काय वाटेल त्यांना? आपल्या डोळ्यांदेखत चोरी झाली. सुनेनं एक काम सांगितलं, तेही आपल्या हातनं झालं नाही. अशा गोष्टी त्या जिवाला लावून घ्यायच्या. एकदा मांजर दूध पिऊन गेलं तर दोन दिवस त्यांनी चहा घेतला नव्हता.

"चला परत," मी म्हटलं.

"आता जाऊन काय नंबर मिळणार आहे का?" हे हळूच म्हणाले.

"नंबर नाही हो. आत्याबाई."

थोरलीनं ऐकलं. "होडी राहिली की, बाबा," एवढंच म्हणाली. रडली नाही, हट्ट नाही, नुस्ती बघत राहिली. त्याचाच त्रास जास्त होतो. मी उठायला गेले तर मला उठवेना. पाय म्हणत होते बस. मी म्हटलं, जा, होडीत बसवून आणा, मग निघू.

तळ्यात पाणी नव्हतं. तळ फाटून त्याचे मोठे मोठे खपले झालेले. दोन होड्या मधोमध तिरक्या पडलेल्या. तिथला माणूस काठावर बिडी ओढत बसला होता, म्हणाला, "बसा की साहेब, फुकट हाय. बुडत न्हाई कुणी." पोरं खपल्यांवरनं उड्या मारत गेली आणि चढून बसली. हे मागं बसले. होडीत एक वल्हं होतं, ते ह्यांनी उचललं आणि मारायला लागले. हवेत. एकदा डावीकडनं, एकदा उजवीकडनं. आधी लाजत, मग जोरात. धाकटा ओरडायचा, "बाबा, मासा!" हे थांबायचे, मासा जाऊ द्यायचे, परत वल्हं मारायचे. मी लांबनं बघत होते. माझं अर्धं लक्ष लिंबाखालच्या रांगेत होतं. तरी खरं सांगते, ह्यांना पोरांबरोबर असं हसताना कितीतरी महिन्यांनी बघितलं. थोड्या वेळानं वल्हं थांबलं. जाऊन बघते तर हे बसल्या बसल्या झोपलेले. पोरं ह्यांच्या मांडीवर, गप्प, बाबा उठतील म्हणून हलेनात.

जाताना फाटकावरचा राखणदार म्हणाला, "बाई, उरलेलं पाणी झाडाला घाला. सगळेच घालतेत." रोपं खरंच माना टाकून उभी होती. मी कॅन पोटाशी धरला. मग थोरलीनं माझ्या हातातला पेला घेतला, मी अर्धा भरून दिला, तिनं तो एका रोपाच्या बुडाशी ओतला. त्याहून जास्त माझ्यानं नाही देववलं.

गाडीत जागा नव्हती. उभ्यानं आलो. हे कॅन खांद्यावर घेऊन, माझ्याकडं बघत नव्हते.

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा उन्हं उतरली होती, टँकर अजून आलेलाच नव्हता. रांग तशीच होती. पहिला हंडा, मग निळी बादली, आणि तिसऱ्या जागेवर आत्याबाई. खाली पोतं, डोक्यावर पदर, शेजारणीनं दिलेली छत्री बाजूला मिटून ठेवलेली. त्यांच्या मागं चौथ्याची घागर.

शेजारीण धावत आली. "अगं माय, आलात का! सकाळधरनं काकू हिथंच हायती. अंगण झाडून ओट्यावर येऊन बसल्या, बघतेत तर कॅन न्हाई. म्हणल्या, माजाच डोळा लागला असंल. ज्या घडीला बघितलं त्या घडीला येऊन बसल्या. आमी म्हणलं, काकू, कायदा हाय, नवं भांडं शेवटाला. तर म्हणल्या, भांडं कुठं हाय, मी माणूस ठिवलंय नंबराला. उठवा बघू मला." ती हसायला लागली. "कोण उठवतंय! म्या म्हणलं, जेवायला तरी उठा. तर म्हणती, भांडी उचलून न्यायलेत लोक, मला कोण नेतंय ते बघतेच. पूजा सुदिक हिथंच केली."

आत्याबाई लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात घास घालायच्या नाहीत. मी बघितलं, कपाळाला भस्माची बोटं होती. शेजारणीनं घरनं तांब्या आणून दिला म्हणे. पदर पुढं ओढून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन, हंडे आणि बादल्यांच्या मधे त्यांनी पूजा केली होती. भाकरी पण तिथंच खाल्ली.

त्यांचं लक्ष आमच्याकडं नव्हतंच. ह्यांच्या खांद्यावरच्या कॅनाकडं होतं. लाल चिंधी त्यांना दिसली आणि त्यांचा चेहरा असा उजळला.

"घावला? कुठं घावला रं? कोण्या मेल्यानं नेला होता?"

गल्लीतल्या चार बाया जमल्या. शेजारीण म्हणाली, "सकाळधरनं चोर हुडकायलोय आमी. घरोघरी बघून आलो."

हे उभेच. कॅन खाली ठेवला. मला वाटलं आता काहीतरी सांगतील, सापडला म्हणून वेळ मारून नेतील.

"मीच नेला, आई," हे म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

एवढा वेळ आत्याबाईंनी धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. आधी तोंडाला पदर लावला, मला वाटलं रडतायत. पण खांदे हलत होते ते हसून. "म्हणजे म्या झोपले न्हवते," एवढंच त्या म्हणाल्या. मग बायांकडं वळून, "ऐकलं का गं? माझा डोळा नव्हता लागला. घरचाच चोर हाय."

"आन् हे म्हणं जिल्ह्याला पाणी वाटतेत," शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या. ह्यांनी मान खाली घातली, पण हसत होते हे पण.

आत्याबाई उठायला गेल्या तर गुडघे सुटेनात. मी आणि शेजारणीनं धरून उभं केलं. त्या ह्यांना म्हणाल्या, "ठिव त्यो कॅन माझ्या जाग्यावर आन् चल घरी, दमलास."

ह्यांनी कॅन ठेवला. पण घरी आले नाहीत. पोत्यावर, कॅनाशेजारी, मांडी घालून बसले. कचेरीतला माणूस असा रांगेत बसलेला गल्लीनं कधी बघितला नव्हता. बायांनी थोडा वेळ थट्टा केली, मग आपापल्या भांड्यांशी जाऊन बसल्या. दिवे लागायच्या सुमाराला टँकर आला. हे पहिल्यांदाच त्या धक्काबुक्कीत शिरले. घरात पाणी आलं, पण ह्यांची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली आणि एक चप्पल गेलेली. रांजण भरल्यावर मी तिथंच भिंतीला टेकले. चूल पेटवायची होती, उठवत नव्हतं. उरलेले धपाटेच वाढले.

आत आत्याबाई थोरलीला कुशीत घेऊन आपले पाय चोळत होत्या. "काय काय बघितलंस गं?"

"आजी, बाबांनी होडी चालवली."

"तळ्यात पाणी होतं?"

"न्हाई."

"मग चालली कशी?"

थोरलीनं विचार केला. "बाबा वल्हवत होते की."

आत्याबाईंनी दाराकडं बघितलं. हे ओट्यावर बसून पायाचा चिखल खरवडत होते, धुवायला पाणी वाया घालवायचं नाही म्हणून काटकीनं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "दमला असंल. त्याला तांब्याभर पाणी दे जा. पाय धुऊ दे त्याला आज."

थोरली तांब्या घेऊन गेली. दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून पाय हळूहळू टाकत.