सुटणारी दोरी

नवऱ्याला समुद्रातून ओढून आणायची दोरी कुठली घ्यावी, यावरून आमच्या घरात महिनाभर भांडण चाललं होतं. कोल्हापुरात समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे. शेजारणींनीही ते पुष्कळदा ऐकवलंय. पण हिवाळा आला की लेकीला आजीजवळ ठेवायचं, गाडीच्या टपावर दोन कयाक, म्हणजे एकेकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या, बांधायच्या आणि गगनबावड्यावरून घाट उतरून समुद्र गाठायचा, हे वेड नवऱ्याला लागलं आणि त्याच्यापायी मलाही.

गेल्या हिवाळ्यात किनाऱ्यापासून लांब असताना वल्हं मारता मारता त्याचा उजवा खांदा निखळला. माझ्या कयाकच्या बैठकीमागच्या कडीला दोरी बांधलेली होती. तिचं टोक त्याच्या कयाकला अडकवलं आणि मी ओढत निघाले. दोरी आमच्या गोठ्यातली, म्हशींची. नवऱ्यानेच ती कडीला बांधली होती, गाठीवर गाठ मारून. "हत्तीनं ओढली तरी सुटायची न्हाय," असं वर कौतुकही केलं होतं.

सुटली नाहीच. खडकांजवळ लाटेनं त्याची कयाक उलटली, पाण्याने भरली आणि धोंड्यासारखी माझ्यामागे लटकली. तो पाण्यात, एका हाताने तिला धरून. प्रत्येक लाट आम्हा दोघांना खडकाकडे रेटत होती. "सोड! मला सोड की!" तो ओरडत होता. मी हात मागे नेला, कशीबशी गाठ हाताला लागली, पण ती भिजून घट्ट झालेली. नखं तुटली. मी देवाला शिव्या दिल्या, नवऱ्यालाही दिल्या. शेवटी एका मासेमारी होडीने आम्हाला ओढून काढलं, नाहीतर हे लिहायला मी नसते.

खांदा पुन्हा निखळू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. आता समुद्र बंद, असं मी म्हणाले. रडले, अबोला धरला, सासूबाईंना मध्ये घातलं. त्याचं एकच, "तू न्हाय आलीस तर एकटा जाईन." आणि तो जाईल, हे मला माहीत होतं. म्हणजे माझ्या हातात राहिली ती फक्त दोरी.

दोन प्रकार मागवले. एक कयाकवरच बसवायचा. ताण सगळा कयाकवर, सोडायची सोय पाठीमागे. दुसरा कमरेला बांधायचा पट्टा. पोटाशी एक लाल गोळा, तो खेचला की पट्टा दोरीसकट पाण्यात. मी पहिल्यावर अडून बसले. पट्ट्याने माझी कंबर मोडेल, असं सांगत राहिले. खरं तर तो लाल गोळा मला हाताशी नकोच होता. सोडणं इतकं सोपं असेल, याचीच भीती वाटत होती.

नवऱ्याने ते ओळखलं. जेवताना म्हणाला, "पुराचं पाणी गोठ्यात शिराय लागलं की आदी काय करतो आपण?"

"दावी सोडतो." आमच्या नदीकाठी हे कुणालाही विचारा. सुटलेलं जनावर पोहून कुठेतरी निघतं, बांधलेलं जागीच बुडतं.

"मग?"

"तुमी काय म्हस हायसा व्हय?" मी ताट सारून उठले.

"दोघंबी गेलो तर पोरीचं काय?" तो मागून म्हणाला. मी पट्टा खोक्यातून बाहेर काढला.

रविवारी तलावावर गेलो. मी पट्टा कमरेला बांधला आणि त्याला ओढत मध्यापर्यंत नेलं.

"सोड!" मागून आवाज आला.

हात लाल गोळ्यावर होता, पण बोटं वळेनात.

"सोड म्हणतोय न्हवं!"

मी खेचला. कमरेवरचा ताण एकदम गेला. इतकं हलकं वाटलं की मला हुंदकाच फुटला. वळून पाहिलं तर खांदा निखळल्यागत हात छातीशी धरून तो मागे राहिला होता आणि हसत होता.

"जमलं की! आता सरळ किनारा गाठ. मागं वळायचं न्हाय."

मी कयाक वळवली.

"आगं, मागं वळायचं न्हाय म्हटलं न्हवं!" आता तो हसत नव्हता.

मी त्याच्यापर्यंत गेले, पाण्यातला पट्टा उचलला आणि पुन्हा कमरेला बांधला.