नरहरी सरांच्या पेटीतला गंधार

पोरानं चांगल्या मनानं केलं, असं अख्खा पारा, म्हणजे सारा मोहल्ला, मले समजावून राहिला. चांगल्या मनानं केलेल्या गाढवपणाले काय ओवाळू? माझं डोकं सटकलंच, अन् ते मी लपवत नाही.

आमचे हे, नरहरी सर. रायपूरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. अपूर्णांक आले की वर्गात पेटी नेत. सा दोनदा थरथरते तेवढ्यात प तीनदा थरथरते. सा चारदा, तर ग पाचदा. म्हणून ते पुन्हा-पुन्हा एकमेकांले भेटतात, अन् भेटी जितक्या लवकर तितका जीव निवांत, असं पोट्ट्यायले सांगत. घरची पेटी ह्यायनं स्वतः कानस घेऊन, आतल्या पितळी पट्ट्या म्हणजे रीड घासून, याच हिशोबानं लावली होती. बाजारच्या पेटीत बारा सुरांत सारखं अंतर वाटून देतात, त्यात ग जरासा चढतो. ह्यायले तो भातातल्या खड्यासारखा लागे.

मागच्या वर्षी ह्यायले लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. पाणी मागता येईना, म्हणून ताट भिरकावत. एक दिवस मीच वैतागून पेटी ओढली अन् सूर धरला, तर हे गायले की! स्वच्छ गायले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाण्याची वाट डोक्यात वेगळी असते, तिकडूनच शब्द आणू. मग रोज पेटीवर गाऊन-गाऊन "पाणी" आलं, "चहा" आला. माझं नाव तेवढं राहिलं होतं. सा, ग, प या तीन सुरांवर शा-र-दा. "शा"च्या पुढे गाडी जात नव्हती, पण रोज थोडी सरकत होती.

तेवढ्यात मी भाचीच्या लग्नाले नागपूरले गेली. इकडे अभिनवनं, आमच्या लेकानं, पेटी गोल बाजारातल्या कारागिराकडे नेऊन मंजिरीच्या कीबोर्डशी जुळवून आणली. नात अन् आजोबा सोबत वाजवतील म्हणे. करायले गेला गणपती अन् झाला मारुती. मी आल्यावर सूर धरला. हे "शा" म्हणाले, ग वाजला, अन् ह्यायनं तोंड वाकडं करून पेटीच ढकलून दिली. त्यानंतर गाणं बंद. आलेलं "पाणी"सुद्धा गेलं.

अभिनव म्हणे, "मम्मी, अब एकदम परफेक्ट है, मशीन से मिलवाया है."

"मशीनले लकवा झाला होता का रे?" मी म्हटलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. बापाच्या वस्तूले हात लावण्याआधी बापाले विचारावं, एवढंही या पोट्ट्याले काहून सुचू नये?

मी स्वतः गाऊन पाहिलं. पण माझा सूर म्हणजे भनपुरीच्या ट्रकचा भोंगा, ह्यायनं कान झाकले. पेटी पुन्हा कारागिराकडे नेली. तो म्हणे, घासून-घासून रीडचं पितळ झिजलं दीदी, आता हात लावणार नाही. नको लावू जा.

घरी येऊन मीच पेटी उघडली. ग उतरवायचा तर रीड मुळाशी खरवडायची, हे ह्यायले करताना हजारदा पाहिलं होतं. हे समोर बसले. मी खरवडे, वाजवे, अन् हे डाव्या बोटानं खुणावत, अजून, अजून. जवळ आला, अगदी जवळ आला, अन् रीड मुळातून तुटली. जुनी पेटी, एका सुराले एकच रीड. मी कानस भिंतीवर फेकली अन् ढसाढसा रडली. अभिनव दारात उभा होता, त्यालेही चार शिव्या दिल्या.

ह्यायनं डाव्या हातानं माझा हात धरून पेटीवर ठेवला. बरं, म्हणून मी भाता मारला, सा दाबला.

"शा," हे म्हणाले.

ग दाबला. नुसती हवा फुसफुसली. त्या रिकाम्या जागी ह्यायनं स्वतःच सूर लावला, जसा पाहिजे तसा, "र." माझं बोट प वर कसं गेलं मले माहीत नाही.

"दा."

अभिनव डोळे पुसत म्हणे, कल नई रीड ले आता हूँ. म्हटलं, पेटीले हात लावून तर पाह्य.