ओरखड्याखालची चाल

देवाची भांडी चिंचेनं घासून अर्धी झाली होती. दोन्ही समया लख्ख, ताम्हन आणि घंटा अजून काळीच. कानात चेतनानं पुण्याहून पाठवलेली ती बिनवायरची बटणं. लेकीनं पाठवली भजनं ऐकायला म्हणून, पण फोनवर खातं तिचंच चालतं, त्यामुळे माझं भजन संपलं की तिची गाणी आपोआप लागतात. एरवी मी लगेच बंद करते. आज हात मनगटापर्यंत चिंचेच्या कोळात. म्हटलं, वाजू दे मेलं.

आणि पहिल्याच गाण्याला घंटा हातातून सुटून मोरीत पडली.

ती मुनव्वरचाचांची चाल होती.

आमच्या लोणखेड्यात, शहाद्यात कुणालाही विचारा. नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवाकडे निघाला की बँड हीच चाल धरतो. श्रावणात कानबाई देवीला गोमाई नदीवर निरोप द्यायला निघालो की बायका डोक्यावर तिचा चौरंग घेऊन हिच्यावरच नाचतात. त्या चालीत एक जागा आहे. सूर पायरी पायरीनं चढत जातो आणि मध्येच ठेच लागल्यासारखा तुटून एकदम पुढे पडतो. तिथे सगळ्यांनी उडी मारायची. कुणी शिकवत नाही, चालायला लागलेलं पोरसुद्धा मारतं. तिला नावच मुनव्वरची उडी. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेल्या घोड्यांनाही ती पाठ असते. आमच्या लग्नात त्या उडीला घोडी अशी उसळली की यांचा फेटा थेट माझ्या मामांच्या हातात येऊन पडला. मामा अजून म्हणतात, वरपक्षानं पहिला आहेर मला दिला.

पण कानातल्या गाण्यात उडी नव्हती. सूर चढला, आणि तुटायच्या जागी न तुटता सरळ वळण घेऊन पुढे गेला. शब्द इंग्रजी, गाणारे पुरुष, मागे ढोल. मी चिंचेच्या अंगठ्यानंच गाणं मागे ओढलं. परत ऐकलं. उडी नाही. माझे पाय मात्र मोरीतच उचलले गेले.

मुनव्वरचाचांची गोष्ट माहीत नसेल त्याला इथे सांगते, कारण त्याशिवाय मी एवढी का हरखले ते कळायचं नाही.

चाचा शहाद्याचे. नूर ब्रास बँड त्यांच्या वडिलांचा. लग्नसराईत बँड, एरवी गाद्या-रजया भरायच्या, असं त्या घराचं चालत आलेलं. चाचा मिसरूड फुटायच्या आधीपासून क्लॅरिनेट वाजवायचे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे नाचवायला बँड गेला होता, तिथे एका घोड्यानं लाथ झाडली आणि चाचांचा पाय नडगीत मोडला. त्यांना चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात ठेवलं. पाय वर टांगलेला, करायला काही नाही. तिथे परदेशातून आलेला एक तरुण डॉक्टर पाहुणा होता. तो संध्याकाळी ओसरीवर तबकडी लावून बसायचा. त्याच्याजवळ तबकड्या असतील दहा, पण जीव एकीवरच. तिच्यावर ओरखडा होता. सुई तिथे आली की टक् करून पुढे उडायची.

चाचांनी ती चाल पडल्या पडल्या तोंडपाठ केली. खिडकीतून दिसलं ते एवढंच, की पाकीट नारिंगी रंगाचं आणि त्यावर झाड. पाय सुटला तोपर्यंत डॉक्टर त्याच्या देशाला निघून गेला होता. वाजवणारे कोण, गाणं कुठलं, काही कळलं नाही. पण पुढच्या लग्नात चाचांनी ती चाल वाजवली, ओरखड्यासकट. वडील रागावले, मधला तुकडा काहीतरी भर की रे म्हणाले. चाचा म्हणाले, जेवढं ऐकलं तेवढं वाजवलं, जे ऐकलं नाही ते मी कुठून घालू? नाचणाऱ्यांनी तो खड्डा उडी मारून ओलांडला आणि विषय तिथेच संपला.

लोकांसाठी संपला. चाचांसाठी नाही. आयुष्यभर त्यांनी शिकलेला माणूस दिसला की त्याला गाठलं. कॉलेजातले प्रोफेसर, बँकेचे साहेब, रेडिओ दुरुस्त करणारा. चाल गुणगुणून दाखवायची आणि विचारायचं, इथे काय आहे हो? कुणाला सांगता आलं नाही. नंतर भोंग्यांच्या गाड्या आल्या, पुतण्या तौफिकनं कीबोर्ड घेतला, चाचांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवली. पण लग्नात भेटले की जेवता जेवता तोच प्रश्न. "बाकी बठ्ठं मिळनं माले," असं म्हणायचे, "हाज मिळनी, घर मिळनं, तेवढा एक तुकडा नही मिळना." बठ्ठं म्हणजे सगळं, आणि हाज म्हणजे हाजराबी, आमची चाची.

आता कळलं ना, घंटा का सुटली?

हात धुऊन चेतनाला फोन लावला. ती ऑफिसात.

"आई, सगळं ठीक आहे ना?"

"ते मघाशी वाजलं ते काय होतं?"

"मला काय माहीत तू काय ऐकतेस."

फोनवर बघून बघून शेवटी तिनं सांगितलं. बँडचं नाव टिन ऑर्चर्ड. एकोणीसशे साठच्या सुमाराचे इंग्रज पोरगे. मोडून गेला तो बँड कधीच, पण आता कंपनीनं त्यांची गाजलेली गाणी निवडून, जुन्या फिती साफ करून नव्यानं काढली आहेत.

"रीमास्टर म्हणतात त्याला," चेतना म्हणाली.

"म्हणजे चिंचेनं घासली."

"हां, तसंच समज. आणि नावाचा अर्थ पत्र्याची बाग."

"पत्र्याची बाग? हे काय नाव?"

"आपला नूर ब्रास बँड म्हणजे पितळी उजेडच की, आई. तू इंग्रजी गाणी कधीपासून?"

तिला सांगत बसले नाही. फोनवर चित्र बघितलं. नारिंगी पाकीट आणि त्यावर झाड. देवापुढे उदबत्ती लावली, म्हटलं, तुझी भांडी अर्धी राहिली, रागावू नको, एका म्हाताऱ्याचं काम आहे. सिंधुबाई शेजारून डोकावली.

"कुठे निघनी वं कोकिळा, पदर ना धड केस ना धड?"

"मुनव्वरचाचांकडे. चला, वाटेत सांगते."

ती आणखी विचारत बसली नाही, चप्पल घालूनच आली. रिक्षात गोमाईच्या पुलावर तिला एक बटण कानात घालून ऐकवलं. ऐकता ऐकता ती बसल्या जागी उसळली आणि रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं. मग तिचं तोंड उतरलं.

"म्हणजे कानबाईपुढे आपण इंग्रजी गाण्यावर नाचत होतो?"

"ती काय इंग्रजी परीक्षा घेणार आहे का? इतकी वर्षं हसतच जाते नदीला."

"ते बी खरंच म्हना."

चाचा दारातच गादीला टाके घालत बसले होते. डोळ्यांना चष्मा, उजव्या कानानं ऐकू येत नाही, सगळं आयुष्य त्या बाजूला ढोल वाजला. मी धाप लागलेली.

"चाचा, उडीच्या जागेवरचं सापडलं."

त्यांनी सुई गादीत खोचून ठेवली. मी फोनवरचं चित्र दाखवलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं.

"हाईच झाड," म्हणाले. आणि फोन मला परत दिला.

"ऐकायचं ना?"

"ऱ्हाऊ दे, बेटी."

मला कळेना. सिंधुबाई माझ्याकडे बघायला लागली. चाचा गादीवरचा कापूस निवडत म्हणाले, "इतला वरीस मी तठे काय काय भरीसन दखं. मन्हा मनमा तठे महाल शे. आनि ऐकं नि झोपडं निघनं तं?" त्या खड्ड्यात त्यांनी मनातल्या मनात महाल बांधून ठेवला होता.

चाची आतून पीठ मळत्या हातानं आली. "सारी उम्र लोगों के कान खाए. अब खुद का कान देने में जान जाती है? दे गे बेटी, बाएँ कान में लगा इनके, सीधा तो गया कामसे."

चाचांनी मान तिरकी केली. मी डाव्या कानात बटण बसवलं आणि लावलं. दुसरं माझ्या कानात.

ढोल सुरू झाला तशी त्यांची बोटं गादीवर चालायला लागली, क्लॅरिनेटच्या भोकांवर चालतात तशी. सूर चढला. उडीची जागा आली. बोटं थांबली. गाणं पुढे गेलं तरी ती तशीच वर उचललेली.

"परत लाव."

परत लावलं. परत. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि चौथ्यांदा हसायला लागले. आवाज न करता, पोट हलवत.

"क्या निकला?" चाचीनं विचारलं. ती तर दाराची चौकट पकडून उभी.

"दोन जण शेत ग. एक वर चढस, एक खाल उतरस. मधमा भेटतस नि मंग पुढे जातस." त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांनी ते दोन सूर दाखवले, एक हात वर, एक खाली. "माले वाटे एकच जण शे. ओरखडाना मुळे दुसरा दिसनाच नही. मी एकटाच चढी ऱ्हायंतू."

"महाल निकला या झोपडा?"

"महाल. मन्हापेक्षा मोठा."

चाचीनं पिठाचा हात पदराला पुसला आणि मला म्हणाली, "चाय रखती हूँ. दूध डालके."

मग कुणाला धीर. चाचा म्हणाले, बाकीची गाणी लाव. एकात सतार निघाली, खरीखुरी सतार. एकात चर्चमधली पेटी. एकात सैन्याचं संचलन चाललंय असे ताशे, लगेच पुढचं अंगाईसारखं, त्याच्या पुढच्यात चक्क झांजा, आमच्या भजनी मंडळासारख्या, फक्त जरा बेतालात. चाचा दर गाण्याला विचारत, "हाई बी तेच?" मी हो म्हटलं की मांडीवर थाप.

"हाऊ तं आपलागत बँड शे," ते म्हणाले. "जे सांगशी ते वाजाडतस. लगीन बी, जत्रा बी, मय्यत बी."

तेवढ्यात तौफिक आला. चाळिशीचा माणूस, काकासमोर अजून मान खाली. त्यानं ऐकलं, माझा फोन उचलला आणि गल्लीत उभ्या बँडच्या गाडीला जोडला. भोंगे दोन, गल्ली ती केवढी. पहिल्या ढोलाबरोबरच दारं उघडली. कुणाचं लग्न आहे म्हणून बायका बाहेर आल्या. शाळेतून आलेली पोरं दप्तरासकट नाचायला लागली. सिंधुबाई लाजत लाजत पायरी उतरली आणि मग लाजायचं विसरली.

सूर चढला. उडीच्या जागेवर सगळ्या गल्लीनं उडी मारली.

गाणं मात्र तिथेच होतं. लोक पुढे गेले, गाणं मागे राहिलं. कुणाचा पाय कुणाच्या पायात. सिंधुबाई चाचीच्या गळ्यात पडली, दप्तरवाली पोरं एकमेकांवर. भाजीची गाडी ढकलणारा बाबा उभा राहून ओरडला, "अरे तुन्हा भोंगाले काय व्हयनं?" तौफिकनं परत लावलं. परत सगळ्यांची उडी, परत गोंधळ. सगळे इतके हसले की तिसऱ्यांदा कुणाला नाचवेना.

हसू ओसरल्यावर तौफिक म्हणाला, "काका, हे कानबाईले नही वाजाडता येवाव. बायका चौरंग घीसन पडतीन."

चाचांचा चेहरा बघवेना. इतकी वर्षं शोधलेला तुकडा हाताशी आला आणि वाजवायला जागा नाही. मी काही बोलायला जाणार तोच सिंधुबाई पुढे झाली, जी रिक्षात तोंड पाडून बसली होती तीच.

"काब्रं पडतीन? पुलापर्यंत उडीवाली वाजाडा. पुलावर चौरंग उतरावतस ना, ओवाळाले. तठे दुसरी वाजाडा. तठे कोनी नाचत नही, बठ्ठी उभी ऱ्हातस. बाईले ऐकू द्या ना नीट."

खरंच, पुलावर कानबाईला खाली ठेवून शेवटचं ओवाळायचं असतं. त्या वेळी बँड नुसताच उभा असतो. आजवर कुणाला सुचलं नव्हतं.

चाचांनी तौफिककडे बघितलं. "उडी आपली शे, ती ऱ्हाई. पुलावर मी चढाववाला सूर धरसू. उतराववाला तू."

"मी कीबोर्डवर बसाडी देस."

"कीबोर्ड नही. फुकीसन. तुले शिकाडी व्हती ना क्लॅरिनेट?"

"लहानपणी, काका. आते ओठ बी बसावत नही."

"कानबाईले अजून आठ दिन शेत. बसतीन."

तौफिकनं मान डोलावली, पण हसू त्याला लपवता येईना. चाचीनं माळ्यावरून पेटी काढून दिली. निळ्या मखमलीत क्लॅरिनेट होती तशी, बोटांखालच्या चंदेरी पट्ट्या जरा काळपटलेल्या. चाचांनी जोडली, ओठाला लावली, फुंकली. नुसतीच हवा निघाली. तोंडाशी बांधायची बोरूची पातळ पत्ती मधोमध चिरली होती. तौफिकच्या जुन्या क्लॅरिनेटचीही पत्ती कुठे असणार.

"शहादामा मिळाव नही," चाचा म्हणाले. "नंदुरबारमा बी नही."

चहा झाला. दूध चांगलं घट्ट होतं. निघताना चाचांनी माझ्याकडे फोन मागितला, परत एकदा तेवढा तुकडा ऐकला आणि म्हणाले, सकाळी नंदुरबारहून गाडी आहे.

उद्या मुनव्वरचाचा सुरतेला जाणार आहेत, क्लॅरिनेटच्या दोन पत्त्या आणायला.